कवितेसाठी नवा शब्द घडवताना: खर्ड्यापासून शेवटच्या प्रतीपर्यंत

नवा शब्द पहिल्या खर्ड्यात घालू नका. तिथे सुचलेला शब्द बहुतेक वेळा नादाच्या ओढीने आलेला असतो आणि त्याची खरोखर गरज आहे का, हे अजून कवितेलाच ठाऊक नसते. शब्द घडवणे हे पुनर्लेखनातले काम आहे. आधी खर्डा लिहायचा, त्यातली नेमकी रिकामी जागा शोधायची आणि मग त्या जागेच्या मापाचा शब्द बेतायचा. हा क्रम उलटला की कविता शब्द दाखवण्यापुरती उरते. खालची सगळी कृती या क्रमाने मांडली आहे. सोबत चार ओळींचे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे, म्हणजे कुठे काय बदलले ते समोर दिसेल.

वही आणि पहिला खर्डा

वहीच्या उजव्या पानावर खर्डा लिहा आणि डावे पान कोरे ठेवा. पर्यायी शब्द, शंका, मात्रा-अक्षरांची मोजणी हे सगळे डाव्या पानावर जाईल. प्रत्येक खर्ड्यावर तारीख आणि क्रमांक घाला. दुसरा खर्डा पहिल्यावर गिरवून न करता संपूर्ण नव्याने उतरवून काढा. हाताने उतरवताना ज्या शब्दापाशी पेन आपोआप अडते, त्या शब्दात बहुधा काहीतरी खोट असते. मोबाईलवर लिहीत असाल तर प्रत्येक खर्ड्याची वेगळी नोंद करा, जुन्या मजकुरावर नवा मजकूर चढवू नका. तिसऱ्या खर्ड्यात काढलेली ओळ सहाव्यात परत हवी होते, असे पुष्कळदा घडते.

आपला पहिला खर्डा असा आहे. अष्टाक्षरीत लिहायचा विचार आहे, म्हणजे प्रत्येक ओळीत आठ अक्षरे.

चैत्र महिन्याच्या उन्हात
विहीर कोरडी पडली
पोहरा रिकामा येतो
मन माझे उदास झाले

अक्षरे मोजली तर ९, ९, ८, ९. म्हणजे तीन ओळी लंगड्या आहेत. पण आताच दुरुस्त करू नका. हा खर्डा निदान तीन दिवस, जमल्यास आठवडाभर बाजूला ठेवा. लिहिल्याच्या दिवशी आपण कागदावरची ओळ वाचत नसतो, मनातली वाचत असतो.

रिकामी जागा शोधणे

आठवड्याने खर्डा काढा आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे वाक्य वर्तमानपत्रात जसेच्या तसे छापून येईल का? येत असेल तर त्या ओळीखाली रेघ मारा. ‘विहीर कोरडी पडली’ येईल. ‘मन माझे उदास झाले’ वर्तमानपत्रात येणार नाही, पण ते हजार कवितांत आलेले आहे. तिथेही रेघ मारा.

‘मन माझे’ ही उलटी रचना वेगळी ओळखून ठेवा. बोलताना कुणी ‘मन माझे’ म्हणत नाही, ‘माझे मन’ म्हणते. नाम पुढे आणि सर्वनाम मागे टाकण्याची ही सवय वृत्ताची सोय म्हणून आली आणि नुसतीच ढब होऊन राहिली. ‘डोळे तिचे’, ‘गाव माझे’, ‘शब्द तुझे’ असे काही दिसले की तिथे भर घातलेली आहे असे समजा.

भरीच्या शब्दांची यादी वहीच्या आतल्या मलपृष्ठावर लिहून ठेवणे फार उपयोगी पडते: च, ही, तर, ना, रे, गं, हा, असा, मग, अन्, जणू, फार, सारे. हे शब्द वाईट नाहीत. पण ओळीत एक अक्षर किंवा एक मात्रा कमी पडली की हेच पहिल्यांदा धावून येतात. प्रत्येकावर बोट ठेवून तो शब्द काढून वाचा. अर्थ तोच राहिला तर तो शब्द मोजमापासाठी आलेला होता.

आता आपल्या खर्ड्यातली खरी रिकामी जागा कुठली? आडाच्या तळाशी उरलेले ते थोडेसे, गढूळ पाणी. ‘कोरडी’ आणि ‘रिकामा’ या शब्दांनी ते दाखवलेच नाही, नुसते नाही म्हटले. खरे तर पोहरा अगदी रिकामा येत नाही. तळ खरवडून काहीतरी येतेच. त्या ‘काहीतरी’साठी शब्द हवा आहे.

आधी असलेले शब्द धुंडाळा

नवा शब्द घडवण्याआधी डाव्या पानावर निदान दहा जुने शब्द लिहा. आपल्या जागेसाठी: घोटभर, ओंजळभर, चूळभर, थेंबभर, गाळ, गढूळ, तळ गाठणे, आटणे, खरवड, निथळ. यातला ‘तळ गाठणे’ हा अस्सल मराठी वाक्प्रचार आहे, पण दर उन्हाळ्यात धरणांच्या बातम्यांनी तो गुळगुळीत करून टाकला आहे. ‘चूळभर’ फार चांगला शब्द आहे, पण त्यात तोंड धुण्याचे सुख आहे.

या टप्प्यावर कोश उघडावा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत एकोणिसाव्या शतकातल्या बोलण्यातले असंख्य शब्द आहेत. दाते-कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश प्रांतोप्रांतीचे शब्द देतो. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. याखेरीज ज्या कामाबद्दल लिहीत आहात ते काम हाताने केलेल्या माणसाला विचारा. पाणी शेंदणाऱ्या बाईकडे दोराच्या, पोहऱ्याच्या, पाण्याच्या प्रत्येक अवस्थेला शब्द असतो. कोशातून किंवा बोलीतून उचललेला जुना शब्द बऱ्याचदा नव्या शब्दाहून ताजा निघतो, आणि त्याच्या मागे माणसे उभी असतात.

एवढे करूनही जागा रिकामी राहिली तरच पुढे जा.

शब्द घडवण्याचे मार्ग

मराठीत यासाठी तीन-चार चांगले रुळलेले रस्ते आहेत. त्यांवरून गेले की अनोळखी शब्दही वाचकाला घरचा वाटतो.

पहिला रस्ता नामापासून क्रियापद करण्याचा. ‘-आवणे’ आणि ‘-आळणे’ हे दोन प्रत्यय इथे सर्वांत जास्त कामाचे आहेत, पण त्यांची जात वेगळी आहे. पाणावणे, सुखावणे, थंडावणे, रागावणे: यात बदल आतून, हळूहळू होतो. फेसाळणे, तेजाळणे, गंधाळणे: यात काहीतरी पृष्ठभागावर पसरते, भरून वाहते. तिसरा ‘-कट’ हा प्रत्यय मुळात विशेषणाचा: तेलकट, मळकट, पोरकट, धुरकट. त्यात किंचित नापसंती असते. त्यामुळे ‘धुके’ या नामापासून ‘धुकावली वाट’, ‘धुकाळली वाट’ आणि ‘धुकटली वाट’ असे तीन शब्दप्रयोग केले तर पहिल्यात वाट स्वतःच धुके होत जाते, दुसऱ्यात धुके वाटेवर पसरते आणि तिसऱ्यात वाट मळल्यासारखी दिसते. कवितेला यातले नेमके काय म्हणायचे आहे ते ठरवून प्रत्यय निवडा. ‘गोड वाटला म्हणून’ हे कारण पुरेसे नाही.

दुसरा रस्ता धातूला प्रत्यय लावून विशेषण करण्याचा. ‘-ईव’ घ्या: कोरीव, घडीव, आखीव, घोटीव, पाळीव. हे सगळे क्रियापदांपासून आले आहेत आणि ती क्रियापदे बहुतेक सकर्मक आहेत. कुणीतरी हाताने काहीतरी केले आहे. म्हणून ‘लिंपीव भिंत’ कानाला लगेच पटते, कारण मागे ‘लिंपणे’ आहे. ‘चंद्रीव रात्र’ पटत नाही, कारण चंद्रापासून क्रियापदच नाही. ‘सारवीव अंगण’ व्याकरणात बसते, पण दोन ‘व’ लागोपाठ आल्याने जीभ अडखळते. नवशिक्यांचे बरेच शब्द इथेच फसतात: नामाला लागणारा प्रत्यय धातूला आणि धातूचा नामाला लावला जातो.

तिसरा रस्ता समासाचा. इथे पहिल्या पदाचे रूप सांभाळावे लागते. ‘पाणी’ समासात ‘पाण’ होते: पाणवठा, पाणलोट, पाणबुडी. म्हणून ‘पाणीसावली’पेक्षा ‘पाणसावली’ मराठी वाटते. ‘घोडा’चे ‘घोड’ होते (घोडदौड), ‘फूल’चे ‘फुल’ (फुलपाखरू). ‘मूठ’ मात्र ‘मूठभर’, ‘मूठमाती’मध्ये दीर्घच राहते. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द पहिले पद असेल तर त्याचा मूळचा ऱ्हस्व तसाच ठेवा: कविमन, बुद्धिवैभव. पाच अक्षरांपलीकडचा समास कवितेत सहसा घालू नका. तो वाचताना वाचक तुकडे मोजत बसतो.

चौथा, नादाचा. पावसासाठी ‘टपटप’ सगळेच लिहितात. पण एक व्यंजन बदलले की वस्तू बदलते. ‘टपटप’मध्ये थेंब पत्र्यावर पडतो, ‘थपथप’मध्ये ओला तळवा मातीवर, आणि ‘धपधप’मध्ये जड काहीतरी खाली येते. घ, झ, ढ, ध, भ ही अक्षरे वजन देतात, इ आणि उ हे स्वर बारीक, हलका नाद देतात (किणकिण, रुणझुण). नादशब्द घडवताना ज्या दोन वस्तू एकमेकींवर आपटत आहेत त्या प्रत्यक्ष आपटून ऐका. घरातली बादली आणि दगड एवढ्यावर काम भागते.

इथे एक फरक सांगायला हवा. शिवकाळात फारसी-अरबी शब्दांना पर्याय देण्यासाठी राज्यव्यवहारकोश तयार झाला, पुढे सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द रूढ केले. त्या शब्दांचा अर्थ दर वेळी, दर ठिकाणी एकच निघावा लागतो. कवितेतला नवा शब्द त्याच्या ओळीपुरता जगला तरी चालतो. म्हणून त्याला व्याख्येची गरज नसते, पण शेजारच्या शब्दांचा आधार मात्र लागतोच.

आपल्या जागेचा शब्द

तळाशी उरलेल्या पाण्यासाठी पहिला प्रयत्न: ‘तळावणे’. ‘आड तळावला.’ नियमाप्रमाणे ठीक. पण मोठ्याने वाचताच ‘तळणे’ ऐकू येते, कढई दिसते. शब्द रद्द.

दुसरा प्रयत्न: ‘गाळपाणी’. चूक काही नाही, पण जे दिसते तेवढेच सांगतो. ‘गढूळ पाणी’ म्हटले असते तरी चालले असते.

तिसरा: ‘मूठपाणी’. इथे काहीतरी घडते. पाणी मुठीत धरत नाहीत, ओंजळीत धरतात. मुठीत धरले तर ते निसटते. म्हणजे शब्दातच तो तुटवडा आणि ते निसटणे आहे. शिवाय त्याच्या मागे ‘मूठमाती’ उभी आहे, अंत्यविधीत द्यायची शेवटची मूठभर माती. आडाच्या तळाशी मृत्यूची सावली न सांगता आली. हा शब्द तपासणीला पाठवण्याजोगा आहे.

तपासणी

शब्द तीन वेळा भरभर म्हणा. जीभ अडली तर सोडून द्या.

मग व्याकरण चालवून बघा. नाम असेल तर लिंग ठरवा (समासात ते बहुधा शेवटच्या पदावरून ठरते, म्हणून ‘ते मूठपाणी’) आणि विभक्ती लावा: मूठपाण्याने, मूठपाण्यात, मूठपाण्याचे. क्रियापद असेल तर धुकाळते, धुकाळली, धुकाळलेली, धुकाळून, धुकाळणारी अशी सगळी रूपे म्हणा. एखादे रूप हास्यास्पद झाले तर तो शब्द पक्का नाही, जरी तुमच्या ओळीत ते रूप येत नसले तरी.

त्यानंतर शब्द चुकीच्या जागी तोडून वाचा. ‘नवी रात’ या अर्थी कुणी ‘नवरात’ लिहिले तर वाचकाला आधी नवरात्र दिसेल आणि मग ‘नवरा’. छापील पानावर तुम्ही शेजारी बसून खुलासा करू शकत नाही.

शेवटी ओळ दोन-तीन माणसांना वाचून दाखवा. ‘कळलं का?’ असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘काय दिसलं?’ असे विचारा. ‘मूठपाणी’ ऐकून कुणी हात मिटून दाखवला तर शब्द पोचला. कुणी ‘म्हणजे काय?’ विचारले तर दोष लगेच शब्दाला देऊ नका. आधी शेजारचे शब्द बघा. नव्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना रोजचे, साधे शब्द हवेत. दोन नवे शब्द एका ओळीत कधीही नकोत. दहा-बारा ओळींच्या कवितेत एक पुरे.

वृत्तात बसवणे

अष्टाक्षरी, ओवी, अभंग यांत अक्षरांची संख्याच मोजली जाते, लघु-गुरूचा (एक मात्रेच्या आणि दोन मात्रांच्या अक्षरांचा) भेद नसतो. तिथे ‘मूठपाणी’ म्हणजे सरळ चार अक्षरे. पण वृत्तात किंवा गझलेत लिहिणार असाल तर शब्दाचा लगक्रम, म्हणजे लघुला ‘ल’ आणि गुरूला ‘गा’ असा क्रम, आधी मांडा: मू (गुरू), ठ (लघु), पा (गुरू), णी (गुरू), म्हणजे गालगागा, सात मात्रा. देवप्रिया या वृत्ताच्या ‘गालगागा गालगागा गालगागा गालगा’ या लगावलीत तो जणू मापाने शिवल्यासारखा बसतो. कलिंदनंदिनी या वृत्तात (लगालगा चार वेळा) तो कधीच बसणार नाही, कारण तिथे दोन गुरू शेजारी येत नाहीत आणि ‘पाणी’ हेच मुळात गागा आहे. अशा वेळी शब्द ओढूनताणून ‘मुठपाणि’ करू नका. पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक नियमांनीच दिलेली आहे, पण ती ओळखीच्या शब्दांसाठी वापरावी. नव्या शब्दाचे रूप पहिल्याच भेटीत मोडले तर वाचक त्याला छापखान्याची चूक समजेल. आठ मात्रांच्या आवर्तनात ‘मूठपाणी’नंतर एक मात्रा उरते. तिथे ‘च’ घुसवायचा मोह होईल. त्याऐवजी पुढचा शब्दच लघु अक्षराने सुरू होणारा घ्या.

जोडाक्षराआधीचे अक्षर आघात आला तरच गुरू होते. ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघुच राहतो, ‘सत्य’मधला ‘स’ गुरू होतो. नव्या समासात दोन पदांच्या सांध्यावर जोडाक्षर आले तर हा आघात नीट ऐकून ठरवा.

दुसरा आणि तिसरा खर्डा

शब्द मिळाल्यावर त्याच्याभोवती सगळे कडवे पुन्हा लिहावे लागते. नुसता जुन्या ओळीत तो चिकटवून चालत नाही.

दोर संपे, तळ लागे
पोहऱ्याला खडे फार
वर येते मूठपाणी
तेही गढूळ नि गार

आठ-आठ अक्षरे झाली. पण आता वस्तूंची तपासणी करा, जी बहुतेक जण करतच नाहीत. दोर संपला तर तळ कसा लागेल? पहिलीच ओळ खोटी आहे. ‘खडे फार’मधला ‘फार’ नुसता ‘गार’शी जुळवायला आला आहे. आणि ‘गढूळ नि गार’ ही दोन विशेषणे मूठपाण्याचे काम पुन्हा करतात. नवा शब्द विशेषणाने समजावून सांगायची वेळ आली तर दोघांपैकी एकाला काढा.

दोर पुरेना, म्हणून
जोडले लुगडे जुने;
तळ खरवडताना
मूठपाणी, तेही उणे.

दोर कमी पडतो ही अडचण ओळीतच सोडवली, आणि सोडवताना लुगडे आले. नऊ वारांचे लुगडे म्हणजे आठेक मीटर. पाणी किती खाली गेले ते आकडा न सांगता कळते, आणि शेंदणारी बाई ‘मन माझे उदास’ न म्हणता कडव्यात येऊन उभी राहते. विहीर हा शब्दही गेला. दोर आणि तळ यांतून ती दिसतेच.

अष्टाक्षरीत चौथ्या अक्षरानंतर नैसर्गिक थांबा येतो. इथे पहिल्या तीन ओळींत तो शब्दाच्या मध्येच पडतो (पुरे-ना, लु-गडे, खर-वडताना) आणि शेवटच्या ओळीत मात्र नेमका ‘मूठपाणी’नंतर. पोहरा अडखळत, आपटत जातो आणि शेवटी काय हाती लागले तिथे ओळ स्थिर होते. पहिल्या तीनही ओळी सुबक चार-चार तोडल्या असत्या तर हा हिसका गेला असता. ‘जुने’ आणि ‘उणे’ या यमकात न-णचा फरक आहे. काटेकोर कानाला तो सलेल. तो ठेवायचा की नाही हे मोठ्याने वाचून ठरवावे लागते.

मोठ्याने वाचणे आणि अखेरची प्रत

आधी स्वतः वाचा, मग कुठलाही भाव न आणता सपाट आवाजात वाचा, मग दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा. सपाट वाचनात भरीचे शब्द उघडे पडतात. दुसऱ्याच्या वाचनात नव्या शब्दाचा उच्चार तुम्हाला हवा तसाच होतो का ते कळते. ‘खरवडताना’ बोलताना ‘खर्वड्ताना’ होते, दोन अक्षरे गिळली जातात. चालीवर म्हणताना ती परत उघडतात. तुमची कविता डोळ्यांनी वाचायची असेल तर ही ओळ तोकडी वाटेल का, हे या ध्वनिमुद्रणातच ऐकू येईल.

शेवटच्या दोन ओळी हाताने झाकून कविता वाचा. ती तिथेच पुरी होत असेल तर त्या दोन ओळी स्पष्टीकरणाच्या आहेत, काढा. ‘मज’, ‘तव’, ‘नयनी’ आणि ‘मला’, ‘तुझं’, ‘डोळ्यांत’ एकाच कवितेत राहत असतील तर एक घर निवडा.

टंकलेखनात दोन ठिकाणी घात होतो. ‘पोहऱ्या’ लिहिताना ‘ऱ’ची कळ वापरा, नाहीतर ‘र्या’ होऊन रफार वर चढतो आणि उच्चारच बदलतो. मोबाईलची आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवा. ‘मूठपाणी’चे तिने ‘मूठ पाणी’ केले तर समास मोडला आणि कविताही. संपादकाला पाठवताना कवितेखाली नव्हे, तर पत्रात एक ओळ लिहा: ‘हा शब्द मुद्दाम असाच, एकत्र.’ कवितेत त्याला अवतरणचिन्ह, जोडरेघ किंवा तळटीप देऊ नका.

आणि मग चौथा खर्डा. लुगडे, दोर, तळ असे सगळे घरगुती बोलण्यातले असताना क्रियापदे आणि विशेषणे मात्र पुस्तकी राहिली आहेत, हे सपाट वाचनात खटकले. म्हणून:

दोर पुरेना, म्हणून
जोडलं लुगडं जुनं;
तळ खरवडताना
मूठपाणी, तेही उणं.

अक्षरे तेवढीच राहिली. ‘ने’ गुरू होता, ‘नं’ही गुरूच आहे, म्हणून वृत्तात लिहिले असते तरी हा बदल चालला असता. बोलीच्या उच्चारात न-णचे यमकही मघाएवढे सलत नाही. पण हा निर्णय चार ओळींपुरता घेता येत नाही. कवितेत पुढे आणखी तीन कडवी असतील तर त्यांतले प्रत्येक ‘होते’, ‘झाले’, ‘पाहिले’ आता ‘होतं’, ‘झालं’, ‘पाहिलं’ व्हावे लागेल, आणि त्या प्रत्येक जागी यमक पुन्हा तपासावे लागेल. डाव्या कोऱ्या पानावर आधी त्या जागांची यादी करा, मगच पाचवा खर्डा उतरवायला घ्या.